पाण्याखालच्या आंब्यांचा वाटाड्या

आडवली गाव पाण्याखाली गेले १९५७ च्या पावसाळ्यात. तेव्हा गोमा नामा गायकर अठरा वर्षांचा होता. धरण मुंबईच्या एका कंपनीने बांधले. चौक गावापासून तासाभराच्या पायी वाटेवर, दोन टेकड्यांच्या मधे मातीचा बांध घातला, आणि आडवलीची भातखाचरे, विहीर, देऊळ, सगळे त्याच्या पोटात गेले. गावकऱ्यांना वरच्या माळावर घरापुरती जागा मिळाली. तिला कागदोपत्री नवी आडवली म्हणत. बोलताना लोक नुसते ‘माळ’ म्हणत.

पाणी भरण्याआधी झाडे तोडायची होती. आडवलीच्या प्रत्येक बांधावर आंबा होता आणि प्रत्येक आंब्याला मालकाचे नाव होते. ठेकेदाराची माणसे कुऱ्हाडी घेऊन आली तेव्हा गावाने त्यांना वेशीवर अडवले. मातीचा बांध फार तर चार पावसाळे टिकेल असा गावाचा अंदाज होता. तो फुटला, पाणी हटले, की आपापल्या शेतात परत जायचे. मग झाडेच नसतील तर कुणाचे खाचर कुठले हे सांगणार कोण? म्हाताऱ्या भागीने तर आपल्या आंब्याला मिठी मारली आणि ती दुपारपर्यंत सोडली नाही. धरणाचे इंजिनिअर गोपाळकृष्ण प्रधान हे कर्जतचे, सभ्य आणि मऊ माणूस. त्यांनी गावाचे ऐकले. वरिष्ठांना झाडे तोडल्याचे कळवले आणि झाडे उभी ठेवली.

बांध फुटला नाही. आंबे वाळले आणि पाण्यात तसेच उभे राहिले.

प्रधानांना तारुण्यापासून शिडाच्या होडीचा नाद. मुंबईच्या बंदरात ते शिकले होते. धरणाच्या काठी बंगला मिळाल्यावर त्यांनी कंपनीची परवानगी काढली आणि १९६१ साली एक होडी आणली. पांढरी, चार माणसांची, एका डोलकाठीची. तिच्या पोटाखाली हातभर खोल लोखंडी पाते होते, त्यामुळे ती वाऱ्यात कलंडत नसे. पहिल्याच दिवशी ते पाते एका आंब्याच्या बेचक्यात जाऊन बसले. होडी निघेना. काठावर गोमा म्हशी धूत होता. तो ओरडून म्हणाला, “सायेब, तुमी नागूच्या आंब्यावर हाव. मागं सरा, मंग उजवीकडं. डावीकडं त्याच्या भावाचा हाय.”

दुसऱ्या दिवसापासून गोमा नोकरीला लागला.

काम असे होते. प्रधान मागे सुकाणू धरून बसत. गोमा पुढच्या टोकाला त्यांच्याकडे पाठ करून बसे आणि हाताने दाखवी. डावा हात आडवा झाला की डावीकडे, उजवा झाला की उजवीकडे, दोन्ही खाली असले की सरळ. बोलायचे नाही. बोलण्याने वाऱ्याचा आवाज कळत नाही, असे प्रधान म्हणत. होडीत वल्हीही ठेवायची नाहीत. “शिडाच्या होडीत वल्हं म्हणजे घोड्यावर बसून पाय हलवणं,” असे ते पाहुण्यांना सांगत. पाहुणे हसत.

गावाची झाडे ओळखणारे दुसरे कुणी उरले नव्हते असे नाही. पण ती पाण्यावरून ओळखणे वेगळे. दिवाळीत पाणी भरलेले असे, तेव्हा सगळ्या आंब्यांवरून होडी बिनघोर जाई. मे महिन्यात खोडे उघडी पडत, ती आंधळ्यालाही चुकवता आली असती. खरी फजिती माघ-फाल्गुनात. तेव्हा शेंडे पाण्याखाली वीतभर असत, आणि दर आठवड्याला पाणी उतरले की वाटा बदलत. प्रधानांनी एकदा नकाशा काढायला घेतला होता. तीन आठवड्यांनी तो चुकीचा ठरला आणि त्यांनी तो फाडला. “नकाशा कशाला, आमचा गोमा आहे,” ते म्हणाले. हे त्यांनी कौतुकाने म्हटले होते.

आठ वर्षे गोमा एकही रविवार माळाच्या बाहेर गेला नाही. रविवारच काय, साहेबांच्या मनात कधी वाऱ्यावर जायचे येईल याचा नेम नसे. सकाळी निरोप येई, दुपारी येई, कधी ताटावर असताना येई. बायकोच्या, शकूच्या, माहेरी वावोशीला तिच्या दोन्ही भावांची लग्ने झाली. दोन्हींना ती एकटी गेली. भावजयांनी विचारले, नवरा हाय का नाय तुला. शकूने सांगितले, “हाय. पाण्यात असतो.”

साहेब वाईट असते तर सोपे होते. ते कधी आवाज चढवत नसत. त्यांच्या पत्नी मालतीबाई सणाला शकूला लुगडे देत. गोमा तापाने पडला तेव्हा प्रधानांनी खोपोलीहून डॉक्टर आणला, आणि ताप उतरल्याच्या दुसऱ्या दिवशी निरोप पाठवला.

१९६९ च्या सुरुवातीला साजगावला तारांचा नवा कारखाना उघडला. धरणात जमिनी गेलेल्यांच्या घरटी एकाला तिथे घेणार होते. माळावरून बरीच माणसे जायला निघाली. गोमाने चौकशी केली. पगाराचे त्याने शेवटी विचारले. आधी विचारले ते असे, की सुटी कधी होते.

“भोंगा झाला की,” जयवंता म्हणाला. हा त्याच्याच आळीतला, त्याच्याहून पाच वर्षांनी लहान. “भोंगा झाला की यंत्र सोडायचं नि भाईर. मंग तुला कोण हाक मारीत नाय.”

गोमाने ते घरी येऊन शकूला दोनदा सांगितले.

अट वयाची होती. तीस पुरी झालेला चालणार नव्हता. शाळेच्या दाखल्यावर गोमाचा जन्म दोन एप्रिलचा होता आणि एप्रिलमध्ये त्याला तीस पुरी होत होती. भरतीचा शेवटचा दिवस मंगळवार, अठरा मार्च. दुपारी चारच्या आत फाटकावर हजर व्हायचे, आणि सोबत जमीन गेल्याचा दाखला हवा. तो दाखला धरणाच्या कचेरीने द्यायचा, म्हणजे प्रधानांनी.

प्रधानांनी नाही म्हटले नाही. “अरे जा की. मी का अडवीन? तुझं भलं होत असेल तर...” कारकुनाने दाखला लिहून टेबलावर ठेवला. सोमवारी सही झाली नाही, कारण जावई आले होते, पुण्याचे मधू कर्णिक, नवा कॅमेरा घेऊन. मंगळवारी सकाळी गोमा धुतलेला सदरा घालून बंगल्यावर गेला तेव्हा प्रधान टोपी घालून पायऱ्यांवर उभे होते. दाखला त्यांच्या खिशात होता.

“एक फेरी मारू. मधूला माथेरानचा डोंगर पाण्यात पडलेला दाखवायचाय. दहाला निघू, अकराला धक्क्याला. तुझी एस.टी. चौकला एकची ना?”

“एकची. पन सायेब, अकराला वारा पडतो.”

“अकराच्या आत येऊ म्हणतोय ना मी. सही होडीतच करतो, पेन आहे माझ्याजवळ.”

गोमाने पाण्याकडे पाहिले. सकाळचा वारा घाटाकडून उतरत होता, बरा होता. सहीशिवाय फाटकावर जाऊन उपयोग नव्हता. तो होडीत चढला.

मालतीबाईंनी पिशवीत थर्मास आणि दशम्या घेतल्या होत्या. पाऊण तासात होडी तलावाच्या मध्यावर आली. डोंगर पाण्यात नीट उतरला होता. मधूने चार फोटो काढले, मग म्हणाला, शिडाची सावली मधे येते, थोडं पलीकडे घेता येईल का? प्रधानांनी घेतले. मग मालतीबाईंचा एक काढला, मग सासऱ्यांचा सुकाण्यावर.

“सायेब,” गोमा पुढून म्हणाला. बोलायचे नाही हा नियम त्याने आठ वर्षांत पहिल्यांदा मोडला. “फिरवा आता.”

“हो, हो. झालंच.”

फिरवेपर्यंत शीड एकदा फुगले, एकदा फडफडले आणि डोलकाठीला लोंबले. पाणी काचेसारखे झाले. अकराला पाच मिनिटे कमी होती.

पहिला अर्धा तास कुणाला काही वाटले नाही. प्रधानांनी शीड उतरवून ठेवले, मालतीबाईंनी चहा ओतला. प्रधानांनी दाखला काढला, बाकावर ठेवला, ठळक सही केली, फुंकर घालून वाळवली.

“घे. झालं तुझं काम.”

गोमाने तो दोन्ही हातांनी घेतला. धक्का समोर दिसत होता, तीन फर्लांगांवर. धक्क्यावर ठेवलेल्या त्याच्या चपलासुद्धा ठिपक्यासारख्या दिसत होत्या.

मधूने तळाची एक फळी काढून वल्ह्यासारखी मारून पाहिली. होडी स्वतःभोवती हळूच फिरली आणि थांबली.

“जावईबापू, फोटो सगळ्या बाजूंनी निघतील आता,” मालतीबाई म्हणाल्या.

मधू हसला नाही. त्याला पोहता येत नव्हते आणि ते त्याने आत्ताच सांगितले होते.

“दुपारचा वारा कधी येतो रे?” प्रधानांनी विचारले. त्यांना माहीत होते.

“दोनला. कवा अडीचला.”

गोमा मनात चालत होता. इथून धक्का, धक्क्यावरून चढण, माळ, ओढा, चौक. बाराला निघालो तर एस.टी. मिळते. साडेबाराला निघालो तर पळावे लागेल. त्याच्या हातात कागद होता, पायाखाली फळी, आणि फळीखाली ज्या शेतात त्याचा बाप नांगर धरी ते शेत. तो उठून उभा राहिला, बसला, परत उठला. चार माणसांच्या होडीत एवढेही चालता येत नाही.

“पोहून जातोस का?” प्रधान एकदम म्हणाले. “जा. खरंच जा. आमच्यासाठी थांबू नकोस.”

गोमाने त्यांच्याकडे पाहिले. “नि तुमी?”

“आम्ही बसतो.”

“वारा आला तरी शीड वर घ्याचं नाय. मधल्या बांधावर सोळा आंबे हायत, पानी त्यांच्यावर वीतभर. नागूला ट्रकच्या ट्यूबवर बसवून दोर देऊन धाडतो. तो काठाकाठानं वढीत नेईल तुमाला.”

“बरं.”

“शीड नाय.”

“अरे, बरं म्हटलं ना.”

मालतीबाईंनी दशम्यांची मेणकापडी पिशवी रिकामी केली, रुमालाने पुसली, दाखला तिच्यात घालून तोंड घट्ट बांधले. सदरा आणि पिशवी डोक्याला बांधून गोमा पाण्यात उतरला. पुराच्या ओढ्यातून पलीकडे जाताना माळावरचे लोक असेच कपडे बांधत. होडी ओढत न्यावी असे त्याच्या मनात आले होते, पण तीन माणसे भरलेली होडी दोराने ओढणे एकट्या पोहणाऱ्याचे काम नव्हते.

निम्म्या वाटेवर त्याला दम लागला. कुठे पाय टेकेल हे त्याला ठाऊक होते. तो चार हात डावीकडे सरकला आणि भागीच्या आंब्याच्या बेचक्यात उभा राहिला. भर तलावात, छातीएवढ्या पाण्यात. लांबून पाहणाऱ्याला वाटले असते की माणूस पाण्यावर बसला आहे.

तिथून त्याने मागे पाहिले. पश्चिमेकडून पाण्यावर एक काळपट सुरकुती होडीकडे सरकत होती. वारा दोनला यायचा तो त्या दिवशी सव्वाबारालाच आला.

आणि शीड वर गेले.

प्रधानांची त्यात लबाडी नव्हती. वारा आल्यावर शीड वर घ्यायचे हे त्यांच्या हातांना तीस वर्षांचे वळण होते. शीड फुगले, होडी कलली आणि धक्क्याच्या रोखाने निघाली. मधला बांध मधे होता. त्या वेगात पाते आंब्यावर आदळले असते तर होडी पालथी झाली असती, आणि मधूला नि मालतीबाईंना पोहता येत नव्हते.

गोमाने हात वर केले आणि ओरडला. तिरप्या वाऱ्याने शब्द भलतीकडे नेले. त्याने डावा हात आडवा केला. होडी भलत्याच बाजूला वळली. क्षणभर त्याला कळेना. मग कळले. तो त्यांच्याकडे तोंड करून उभा होता, आणि आठ वर्षे प्रधानांनी त्याची फक्त पाठ पाहिली होती.

तो बेचक्यात फिरला. होडीकडे पाठ केली, तोंड धक्क्याकडे केले, आणि डावा हात आडवा धरला. मान वळवून पाहिले. होडी डावीकडे येत होती.

पुढची पाऊण तासाची गोष्ट एवढीच. वारा समोरून तिरपा होता, त्यामुळे होडीला कधी इकडे, कधी तिकडे असे कापत जावे लागत होते, आणि प्रत्येक वळणावर एक आंबा होता. गोमा धक्क्याकडे बघत उभा होता आणि हात दाखवत होता. डावा. खाली. उजवा. खाली. मान वळवून बघ, परत पुढे. समोर चपला, चढण, माळावर चढणारी वाट. धक्का त्याच्यापासून दीड फर्लांग, दहा-बारा मिनिटांचे पोहणे. हात खाली घेऊन तो निघाला असता तर मागे काय होणार हे त्याला दिसत होते, आणि न निघाल्यास पुढे काय होणार तेही. पायाखालची फांदी निसरडी होती. मांड्यांत गोळे आले. होडी त्याला उचलायला जवळ येऊ शकत नव्हती, कारण तो उभा होता तेच एक झाड होते.

होडी त्याच्या उजव्या अंगाने, वीस हातांवरून गेली. मधू फळीला घट्ट धरून बसला होता. प्रधानांचे डोळे गोमाच्या हातांवर होते, तोंडावर नव्हते. होडी पुढे गेल्यावर त्यांनी वळून वळून त्याचे हात पाहिले, आणि आता तो समोरून दिसत असल्याने गोमाला सगळे उलटे दाखवावे लागले. शेवटचे तीन आंबे तसे गेले.

धक्क्याला लागल्यावर प्रधानांनी टोपी हलवली.

गोमा काठाला आला तेव्हा दीड वाजत आला होता. मालतीबाई काही बोलायला पुढे झाल्या. तो चपला घालून चढणीला लागला होता. दाखला कोरडा होता. चौकला एकची एस.टी. गेलेली होती, दुसरी साडेतीनची. एका धाब्यावर त्याने तीन ट्रकवाल्यांना विचारले. तिसरा खोपोलीला निघाला होता, पण चाकाचे काम चालू होते.

साजगावच्या फाटकावर तो पोचला तेव्हा साडेचार झाले होते. फाटक उघडे होते, पण टेबल आत नेलेले होते. जयवंता हातात पत्र्याचा बिल्ला घेऊन बाहेर येत होता.

“गोमा? आज होडी हितं आणलीस काय रं?”

“भरती?”

“चारला मिटली. आत एक कारकून हाय अजून, बग.”

कारकून शाईची बाटली बंद करत होता. त्याने दाखला वाचला, सही पाहिली. “चांगला आहे दाखला. चारच्या आत का नाही आलात?”

“वारा नव्हता.”

कारकुनाने वर पाहिले. त्याला हे उत्तर उद्धट वाटले असावे. त्याने दाखला परत दिला आणि जागा भरल्या असे सांगितले. पुढची भरती पावसाळ्यानंतर होती.

घरी शकूने तांदूळ निवडता निवडता सगळे ऐकून घेतले. “म्हंजे तुमी त्यांना वाट दावीत हुबे राह्यलात. तोंड हिकडं करून.”

“हां.”

“मंग मी तरी दारात हुबी ऱ्हाऊन काय येगळं करते आठ वर्सं?” ती म्हणाली आणि सूप घेऊन पाखडायला बाहेर गेली.

प्रधानांना फार वाईट वाटले. त्यांनी त्याच आठवड्यात कारखान्याला इंग्रजीत पत्र लिहिले, झाला प्रकार सविस्तर कळवला, दोष स्वतःकडे घेतला. तीन आठवड्यांनी उत्तर आले. त्यात सहानुभूती होती आणि वयाची अट होती. एप्रिलची नऊ तारीख होती. प्रधानांनी पत्र गोमाला वाचून दाखवले, घडी घातली. “बघू काहीतरी,” ते म्हणाले. मग थोड्या वेळाने म्हणाले, “वारा बरा आहे नाही आज?”

वारा बरा होता. गोमाने तसे सांगितले.

त्यानंतर पंधरा वर्षे तो होडीच्या पुढच्या टोकाला बसला. कुलाबा जिल्ह्याचा रायगड झाला. माळावर वीज आली. जयवंताने कौलारू घर बांधले. त्या दुपारची हकिगत प्रधान प्रत्येक पाहुण्याला सांगत, आणि सांगताना गोमाला बोलावून उभे करत. “हाच तो. भागीच्या आंब्यावर.” पाहुणे विचारत, भीती नाही वाटली? गोमा नाही म्हणे. त्या दिवशी त्याला कुठे जायचे होते, हे त्या हकिगतीत हळूहळू येईनासे झाले.

प्रधान १९८४ च्या दिवाळीआधी वारले. मालतीबाई पुण्याला गेल्या. जावयाने होडी मुंबईच्या एका क्लबला विकली, आणि जानेवारीत ती न्यायला टेंपो आला. गोमाने डोलकाठी उतरवली, पाते काढून फडक्यात गुंडाळले, होडीखाली पेंढा घातला, दोर आवळले. मग तो टेंपोत, होडीच्या शेजारी चढून बसला. पंचेचाळीस वर्षांचा होता. पायाशी पिशवीत कपड्यांचा एक जोड होता. शकूला त्याने सकाळीच सांगून ठेवले होते.

ड्रायव्हर मागे आला. “मामा, कुठं सोडू तुमाला? चौकला?”

“सोडायचं नाय. मी होडीसंगं येतो. हिच्यावर वाट दाखवायला मानूस लागतो. तेवीस वर्सं मीच दाखवतोय.”

ड्रायव्हर मुंबईचा होता, घाईत होता, पण उर्मट नव्हता. त्याने विडी विझवली.

“मामा, तिथं समुद्र हाय. तळाला झाडं नसतात.”

गोमाने थोडा वेळ दोराची गाठ चाचपली. मग पिशवी घेतली आणि खाली उतरला.